ॲडमिशन घेऊ की डायरेक्ट नाटक-सिनेमात जाऊ? आधी तुझी संध्याकाळ मोज

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एकच मेसेज वेगवेगळ्या मुलामुलींकडून येतो, "ताई मला नाटकातच जायचंय, डिग्री करू की सरळ मुंबई गाठू?" आणि मागोमाग दुसरा, "घरी कसं सांगू". प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसते, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतेय. हे नाटक, मालिका, सिनेमा, लेखन, एडिटिंग या बाजूला यायचं म्हणणाऱ्यांसाठी आहे. चित्रकला आणि गाणं यांचं गणित वेगळं असतं, ते त्या लाइनमधल्या माणसांनाच विचार.

मी बार्शीची. बारावी कॉमर्स करून पुण्यात आले, मॉर्निंग कॉलेजला बीकॉम केलं, तीन वर्षं एकांकिका केल्या, पहिल्या वर्षी नुसती बॅकस्टेज, दुसऱ्या वर्षी लाइट्स ऑपरेट केले, तिसऱ्या वर्षी लिहिली. मग मुंबईत मालिकेवर असिस्टंट म्हणून लागले आणि आता संवाद लिहिते. माझी रूममेट माझ्यापेक्षा कितीतरी चांगली नटी होती, शाळेपासून बक्षिसं मिळवलेली, पण घरच्यांच्या आग्रहानं तिनं इंजिनिअरिंग घेतलं आणि तिची संध्याकाळच संपली. दिवसभर लेक्चर, मग प्रॅक्टिकल, मग जर्नल आणि सबमिशन, आणि आमच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद. पहिल्या सेमिस्टरनंतर ती तालमीला आलीच नाही. डिग्री घेतल्यामुळे तिचं नाटक सुटलं असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही, कारण डिग्री तर मीही घेतली. तिचे ६ ते १० गेले आणि माझे राहिले, एवढाच फरक.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. डिग्री हवी की नको हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि आधी बघ की पुढची तीन वर्षं रोज संध्याकाळी ६ ते १० तू कुठे असशील आणि कुणाबरोबर. ज्या रस्त्यात हे चार तास तुझे राहतात तो रस्ता बरोबर, मग त्यात डिग्री असो नसो.

कॉलेज निवडायचं तर कसं निवडायचं

यावर जास्त लिहिणारे, कारण बहुतेकांनी हाच रस्ता धरावा असं मला मनापासून वाटतं. आणि डिग्रीच्या कागदापेक्षा मोठं एक कारण त्यामागे आहे, आपल्याकडे एकांकिका स्पर्धा कॉलेजच्या असतात. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था घेते, आणि त्यात उतरायचं तर कॉलेजचा संघ लागतो, म्हणजे तू कुठल्यातरी कॉलेजच्या पटावर पाहिजेस. फिरोदिया करंडकाचं तसंच. मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सवही कॉलेजांमधलाच. अठरा ते एकवीस या वयात पुण्याच्या भरत नाट्य मंदिराच्या स्टेजवर उभं राहून हाऊसफुल्ल पब्लिकसमोर आपटायची किंवा जिंकायची संधी बाहेर कुणीही देत नाही, पैसे देऊनसुद्धा मिळत नाही. आणि तिथे खोटं कौतुकही मिळत नाही, २०२२ ला पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी कुठलीच एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही असं म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. तेव्हा मुलं खूप चिडली होती, मला मात्र वाटतं की एवढ्या स्वस्तात एवढं खरं मत आयुष्यात परत मिळत नाही, मुंबईत नापसंती कळते ती फक्त फोन न आल्यावरून.

आता कॉलेज बघायला जाशील तेव्हा नॅकचा, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचा, ग्रेड आणि प्लेसमेंटचा बोर्ड सगळेच बघतात, तू तो बघून झाल्यावर शिपाईकाकांना किंवा कॅन्टीनमध्ये बसलेल्या एसवाय-टीवायच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना वेगळे प्रश्न विचार. कला मंडळ चालू आहे का नुसतं नावाला आहे. तालमीला हॉल मिळतो का आणि किती वाजेपर्यंत उघडा असतो. मागची तीन वर्षं संघ गेला होता का. पास आऊट झालेली मुलं तालमीला येतात का, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुण्यात एकांकिका बसवण्यात बऱ्याचदा माजी विद्यार्थ्यांचाच हात असतो, आणि तीच माणसं पुढे तुला मुंबईत पहिलं काम देतात किंवा निदान पहिल्या महिन्यात झोपायला जागा देतात. मग हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम सगळीकडे असतो, पण स्पर्धेच्या काळात कला मंडळाच्या सरांच्या पत्रावर सूट मिळते का, की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लावतात, हे त्या मुलांनाच खरं माहीत असतं.

विषय कुठला हे मी मुद्दाम नंतर सांगतेय. बीए, बीकॉम, ज्यात प्रॅक्टिकल कमी आणि शक्यतो सकाळची बॅच. अनुदानित तुकडीला फी वर्षाला काही हजारांत भागते. लिहिणारा असशील तर मराठी, इंग्लिश, इतिहास किंवा मानसशास्त्र घे, चार पुस्तकं जास्त वाचून होतील. सायन्सची खरी आवड असेल तर जरूर घे, फक्त जर्नलं पूर्ण करायला किती संध्याकाळी जातात ते आधी विचारून घे. मुलींनी हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं हे ॲडमिशनच्या आधी विचारायचंच, मी नव्हतं विचारलं, आणि पहिलं अख्खं वर्ष तालीम रंगात आली की मी घड्याळाकडे बघत निघायचे. दुसऱ्या वर्षी चौघींनी मिळून रूम घेतली तेव्हा कुठे माझं नाटक नीट सुरू झालं.

आता "पण ताई, मग नाटकाचीच डिग्री का नको?" असा प्रश्न येतो. घे ना, मिळत असेल तर नक्की घे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, गोव्यातल्यांना पणजीत कला अकादमी आहे, मुंबईत कालिना कॅम्पसला अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे पण ती पदवीनंतरची. सरकारी ठिकाणी फी झेपते आणि दिवसभर तेच वातावरण मिळतं. जागा कमी असतात, प्रवेश परीक्षा आणि ऑडिशन असते, म्हणून याच्याच भरवशावर राहू नकोस, एक बीए-बीकॉमचा फॉर्म भरून ठेव.

डिग्रीचा कागद नक्की कुठे लागतो

हे बऱ्याच जणांना खूप उशिरा कळतं म्हणून सांगते. दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, तीन वर्षांच्या डिप्लोमासाठी कुठल्याही विषयातली पदवी लागते आणि शिवाय किमान ६ नाटकांमध्ये काम केलेलं दाखवावं लागतं. पुण्याच्या एफटीआयआयला, १९६० ला प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली आपली फिल्म इन्स्टिट्यूट, तिथल्याही बहुतेक मोठ्या कोर्सेसना पदवी लागते, आणि साउंडला जायचं असेल तर बारावीला फिजिक्स असावं लागतं. म्हणजे "मी कॉलेज सोडून थेट एफटीआयआयला जाणार" म्हणणाऱ्याला हे माहीतच नसतं की कॉलेज सोडलं की तो दरवाजाच बंद होतो. माझ्या बॅचचा एक मुलगा एसवायला सोडून गेला, अभिनयात जीव होता त्याचा, पंचविसाव्या वर्षी एनएसडीचा फॉर्म भरायला बसला तेव्हा त्याला हे कळलं, मग त्यानं मुक्त विद्यापीठातून पहिल्यापासून सुरुवात केली. त्याची ती वर्षं आठवली की मला अजून वाईट वाटतं कारण कुणीतरी एका वाक्यात सांगितलं असतं तर वाचली असती.

याशिवाय एमपीएससीची राज्यसेवा, बीएड, बँकेच्या परीक्षा, परदेशात नोकरीवर जायचं तर बऱ्याच ठिकाणचा व्हिसा, या सगळ्याला साधी पदवी लागते. तुला आज यातलं काही नको असेल, ठीक आहे. तिसाव्या वर्षी काय हवं असेल ते आज कुणाला सांगता येत नाही. बाकी सेटवर, तालमीत, ऑडिशनला तुझी मार्कशीट कुणी बघत नाही. मला आजपर्यंत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

थेट उडी कुणी घ्यावी

काही जणांनी खरंच कॉलेजमध्ये वेळ घालवू नये, आणि ते कसं ओळखायचं ते सांगते. मागच्या सहा महिन्यांत किती अनोळखी माणसांनी तुला पैसे देऊन काम दिलं आणि त्यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा बोलावलं, हे कागदावर लिही. मामाच्या लग्नाचा व्हिडिओ, गल्लीतल्या गणपतीचं नाटक, मित्राची शॉर्टफिल्म हे यात धरायचं नाही. पहिल्यांदा कुणीही बोलावतं, ओळखीनं, दयेनं, स्वस्त पडतो म्हणून. दुसऱ्यांदा बोलावणं हे कामासाठी असतं. अशी तीन-चार नावं निघाली तर तुझं काम सुरू झालेलंच आहे, ते थांबवू नकोस. एकही निघालं नाही तर तुझ्यात गुण नाही असा अर्थ काढू नकोस, अठराव्या वर्षी बहुतेकांची पाटी कोरीच असते, माझीही होती, फक्त मग मुंबईला जायची घाई करू नकोस.

कुठलं काम करायचंय यावरही बरंच ठरतं. एडिटिंग, साउंड, लाइट्स, मेकअप, कॅमेरा ही हातानं शिकायची कामं आहेत, चांगल्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढलीस तर जे येतं ते वर्गात बसून येत नाही, आणि यात मदतनीसाला कमी का होईना पैसे लवकर सुरू होतात. अभिनयाचं उलटं आहे, तिथे वाट बघणं हाच मोठा भाग असतो आणि ती वाट पुण्यात किंवा कोल्हापुरात तालमी करत बघितलेली बरी, गोरेगावला भाड्याच्या खोलीत बसून बघण्यापेक्षा. लिहिणाऱ्यानं तर घाई करायचं काही कारणच नाही.

आणि थेट गेलास तरी मुक्त विद्यापीठात नाव घालून ठेव, हे मी हात जोडून सांगते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे ते कामधंदा करणाऱ्यांसाठीच, रोजची हजेरी नाही, फी कमी, काम करत बीए होतं. नव्या शैक्षणिक धोरणात आता मधूनच बाहेर पडायचीही सोय आहे, एका वर्षानं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स, आणि मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात. म्हणजे कॉलेज सोडायची वेळ आलीच तर वर्षाच्या मध्ये, परीक्षेच्या आधी सोडू नकोस, वर्ष पूर्ण करून सोड.

पैशाचा हिशोब

मालिकेत पेमेंट साधारण ९० दिवसांनी येतं, हे घरच्यांना आणि नव्या पोरांना कुणी सांगत नाही. तू जूनमध्ये काम सुरू केलंस, महिना संपल्यावर बिल दिलंस, त्यानंतर ९० दिवस, म्हणजे पहिला पैसा हातात यायला सप्टेंबर संपतो. मी गेले तेव्हा माझा महिन्याचा खर्च १४ हजार होता, चौघींत एक रूम, लोकलचा पास आणि डबा धरून. चार महिन्यांचे ५६ हजार, वर खोलीचं डिपॉझिट. एवढे पैसे बाजूला ठेवून मग ट्रेनमध्ये बसायचं. माझ्याकडे तेव्हा निम्मेच होते आणि उरलेले पप्पांनी सोसायटीतून कर्ज काढून दिले, त्याची लाज मला वर्षभर होती. त्यात आमची मालिका सातव्या महिन्यात बंद झाली आणि शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे मला आजपर्यंत मिळालेले नाहीत. त्या दिवसांत मला जगवलं ते बीकॉमनंच, एका सीएच्या ऑफिसात अर्धा दिवस जीएसटीच्या एंट्र्या करायचे आणि दुपारनंतर लिहायचे. सांगायचं म्हणजे पोट भरायचं एक साधं काम हातात असू दे, टॅली, ट्यूशन, भाषांतर, काहीही, फक्त त्यात संध्याकाळ जायला नको.

नाटकात पैसे नाइटवर मिळतात, म्हणजे प्रयोगागणिक, बऱ्याचदा त्याच दिवशी. पण पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात, तेव्हा वर्षाचं गणित मांड, चांगल्या महिन्याचं नको.

टीडीएस, म्हणजे पैसे देणाराच आधी कापून घेतो तो इन्कम टॅक्स, समजून घे. मानधनातून साधारण १० टक्के कापून देतात, आणि तुझी कमाई कमी असेल तर टॅक्सचा रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात. दोन-तीन वर्षं रिटर्न न भरलेली मुलं मी बघितलीयत, स्वतःचेच पैसे सोडून दिलेले. आणि लिहिणार असशील तर गोष्ट कुणाला ऐकवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करून टाक, ऑनलाइन होतं.

कर्जाबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. ॲक्टिंगच्या किंवा फिल्मच्या महागड्या खासगी कोर्ससाठी कर्ज काढू नकोस. ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षं, तर हप्ता येतो महिन्याला १३ हजार ३०० च्या आसपास, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळंच. म्हणजे वर लिहिलेला माझा १४ हजारांचा खर्च जवळजवळ दुप्पट होणार आणि पहिला चेक मात्र तरीही ९० दिवसांनीच. हप्ता डोक्यावर असला की माणूस येईल ते काम घेतो आणि जे शिकायला आला होता तेच बाजूला पडतं. ब्रोशरवर नटांचे फोटो असतात, त्यांना एकच विचार, मागच्या बॅचच्या पाच मुलांचे नंबर द्या, मी बोलून येते. देत नसतील तर सरळ निघून ये.

घरी काय सांगायचं

घरचे श्रीराम लागूंचं उदाहरण देणार, ते कान-नाक-घशाचे सर्जन होते, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, "आधी डॉक्टर झाले मग नाटक केलं, तूही आधी शीक". तू उलट विजय तेंडुलकरांचं सांगणार, त्यांनी चौदाव्या वर्षी, १९४२ च्या चळवळीत शाळा सोडली. दोन्ही बाजू खऱ्या आणि दोन्ही अर्ध्याच. ते तिघंही डॉक्टर पुण्याच्या बीजे मेडिकलचे, आणि कॉलेजनं त्यांना डिग्रीबरोबर नाटकवाली माणसं दिली, आगाशे आणि पटेल ज्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेत होते ती १९७३ ला उभी राहिली त्यातही बीजेतली बरीच मंडळी होती. लागू पूर्णवेळ नट झाले १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. आणि तेंडुलकरांनी कितीतरी वर्षं वर्तमानपत्रात नोकरी केली. नागराज मंजुळेंचं बघ, पुण्यात मराठीत एमए, मग नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजला कम्युनिकेशन स्टडीज, आणि तिथे शिकतानाच केलेल्या पहिल्या शॉर्टफिल्मला राष्ट्रीय पुरस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणचं साधं कॉलेज होतं ते.

पण उदाहरणांवरून भांडण वाढतं फक्त, मी आमच्या घरी दोन दिवस हेच केलं आणि आई शेवटी रडायला लागली. मग एक कागद घेतला. त्यावर चार गोष्टी लिहिल्या, कुठलं कॉलेज आणि फी किती, राहण्याचा खर्च किती आणि त्यातला मी किती कमावणार, तीन वर्षांत काय करून दाखवणार, आणि चौथी, एक तारीख. बीकॉम संपल्यावर दोन वर्षं मुंबई, त्या तारखेपर्यंत लिहून खर्चापुरते पैसे मिळाले नाहीत तर नोकरी शोधीन आणि नाटक रविवारी करीन. पप्पांना तारीख दिसल्यावर त्यांचा आवाज बदलला. आपल्या आईबापांना कला नको असते असं नाही गं, आमच्या पप्पांना बार्शीत भगवंत मैदानावरच्या नाटकांचे संवाद पाठ आहेत, त्यांना शेवट न दिसणाऱ्या गोष्टीची भीती वाटते. तू तारीख लिहिलीस की ती पाळायची मात्र. कागद दोन झेरॉक्स काढून एक त्यांच्याकडे ठेव.

गावाकडे राहून हे वाचत असशील आणि पुणे-मुंबई लगेच जमण्यासारखं नसेल तर थांबायची गरज नाही. राज्य नाट्य स्पर्धेचे संघ जिल्ह्याजिल्ह्यात असतात, त्यात कॉलेजची अट नसते, नोकरदार, दुकानदार, शिक्षक सगळे मिळून तालीम करतात. आपल्या जवळचं केंद्र कुठलं ते शोध, संघ कोण करतंय ते विचार आणि सांग की मी पडदा ओढीन, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळीन, काय म्हणाल ते करीन. मी बॅकस्टेजचं पहिलं वर्ष फुकट गेलं असं तेव्हा समजायचे, आणि आज संवाद लिहिताना एन्ट्रीला किती वेळ लागतो, ब्लॅकआऊटमध्ये टेबल हलवायला किती सेकंद लागतात हे जे हाताला माहीत आहे ते सगळं त्याच वर्षातलं आहे.

तारखांचं शेवटी सांगते. मुक्त विद्यापीठ, ललित कला केंद्र आणि साध्या कॉलेजचे फॉर्म साधारण एकाच सुमारास, निकालाच्या पुढेमागे निघतात, तिन्ही भरून ठेव. आणि पुण्यात ॲडमिशन घेतलीस तर ऑगस्टमध्ये पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी असते, संघात नसलीस तरी तिकीट काढून रोज जा, एका संध्याकाळी दोन-तीन एकांकिका बघायला मिळतात. बघून झाल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर थांब, तिथे जी मुलं नुकत्याच बघितलेल्या एकांकिकेवरून भांडत असतील त्यांच्यात जाऊन उभी राहा आणि विचार, तुमच्या तालमीला यायचं तर कुणाशी बोलायचं.